अकरा सेकंदांचं हसू

पिरीकाकूंनी त्या सोमवारी सकाळी दार उघडून चक्क "कशी आहेस गं पोरी?" असं विचारलं आणि रेदेई एमोकेच्या हातातली किल्ली खाली पडली. नऊ वर्षं दोघी एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लावून राहत होत्या. आतल्या चौकाभोवती फिरणाऱ्या अरुंद गॅलरीतून एमोके रोज दोनदा काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जायची. नऊ वर्षांत काकू तिच्याशी बोलल्या होत्या त्या एकाच विषयावर, कठड्यावर वाळत टाकलेल्या तिच्या ज्युदोच्या जाड अंगरख्यांवर. "हे तंबू कुणाचे ठिबकतायत माझ्या जिरेनियमवर?" एवढंच. आणि आज त्याच काकू हातात गरम पोगाचांची, खाऱ्या छोट्या पावांची, बशी घेऊन उभ्या होत्या. केस विंचरलेले, ओठांना किंचित रंगही लावलेला.

"तू तीच ना? झोपेतून उठून हसणारी?"

"मी झोपले नव्हते, काकू."

"तेच गं ते. माझा नातू कॅनडात असतो, त्यानं पाठवलं. म्हणाला, आजी, ही तुमच्या बुडापेस्टची आहे. म्हटलं, बुडापेस्टची काय घेऊन बसलास, माझ्या भिंतीपलीकडची आहे! त्याला खरंच वाटेना." काकूंनी बशी पुढे केली. "हसून दाखव ना एकदा."

एमोके हसली. काकूंनी मान तिरकी करून तिच्याकडे नीट पाहिलं, बाजारात खरबूज पाहावं तसं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. "नाही, असं नाही," त्या म्हणाल्या. मग जरा मऊ होऊन, "दमली असशील. खा दोन, चीजच्या आहेत."

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण पोगाचा चावतोय पण गिळत नाही आहोत. गिळताना अजून दुखत होतं. गळ्याभोवती कॉलरचा वळ होता, कानाखालून हनुवटीपर्यंत, जांभळा. तो झाकायला तिनं मफलर घेतला होता. काकूंना तो वळ दिसला नव्हता. कुणालाच दिसला नव्हता. शनिवारी दुपारी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम लढतीत, सत्तावन्न किलोच्या गटात, तिच्याच क्लबातल्या विल्लोनं तिला खाली घेतलं, अंगावर बसली, कॉलर ओढून गळ्याभोवती आवळली आणि एमोके बेशुद्ध पडली. पंचांनी लढत थांबवली. विल्लो उठली. डॉक्टर धावत आले. आणि मग एमोकेनं डोळे उघडले आणि ती हसली. अकरा सेकंद. तान्हं मूल दुपारच्या झोपेतून उठून, अजून भूक आठवलेली नसताना, खिडकीतल्या उजेडाकडे पाहून हसतं तसं. प्रेक्षकांतल्या कुणीतरी ते टिपलं. रविवार संध्याकाळपर्यंत चाळीस लाख लोकांनी ते पाहिलं होतं. ब्राझीलमधल्या एका बाईनं लिहिलं होतं, माझी आई गेल्यापासून मी आज पहिल्यांदा रडले. कुणी त्याला पियानो लावला होता, कुणी पावसाचा आवाज. आणि एमोकेला त्यातलं एकही सेकंद आठवत नव्हतं. तिला विल्लोच्या मनगटाचा वास आठवत होता, घाम आणि मलम. त्यानंतर डॉक्टरांच्या नाकातले केस. मधलं काही नाही. रविवारी रात्री अंथरुणात तिनं ते हसू साठ वेळा पाहिलं, आणि तिला वाटलं, या बाईला मी ओळखत नाही. तिचा मुडपलेला कान आहे, माझाच. पण त्या कानाच्या शेजारी हा चेहरा कुणी आणून लावला?

क्लबात विल्लो दोरावर चढत होती, पाय न लावता, नुसत्या हातांनी. वरूनच ओरडली, "या, या, हिरॉइनबाई! मफलर काढू नका, भाव उतरेल!" मग सरसर खाली आली आणि तळवे मांडीला पुसत उभी राहिली. बाया गावची कोळ्यांची पोर, आखूड मानेची, रुंद. दोघी पंधराव्या वर्षापासून क्रीडा वसतिगृहात एका खोलीत वाढलेल्या. विल्लोचे मोजे एमोकेनं घातलेले, एमोकेच्या पहिल्या प्रेमाची पत्रं विल्लोनं खाडाखोड करून सुधारलेली. चौदा वर्षांत त्यांनी एकमेकींना किती वेळा चीत केलं याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. मात्र गेली दोन वर्षं विल्लोच जिंकत होती, आणि एमोकेचा उजवा गुडघा जिना उतरताना कचकन वाजत होता.

"दाखवू?" विल्लोनं फोन पुढे केला. "‘खुनी.’ हे पोर्तुगीजमध्ये ‘खुनी’. हे बघ, ‘तिनं मुद्दाम दोन सेकंद जास्त आवळलं, तिचे डोळे पाहा.’ माझे डोळे जन्मापासून असेच आहेत, आजोबांवर गेलेत. आईला तर वाटतंय मी कुणाला तरी मारूनच आले. म्हणाली, विल्लो, खरं सांग, तू तिथे कुस्ती खेळतेस की काय करतेस?" ती हसली, पण फोन लगेच खिशात टाकला. "एमे, एक ओळ लिही ना तू. काहीही. नियमातच होतं, एवढंच. तुझं ऐकतील."

"लिहिते की," एमोके म्हणाली. "आजच लिहिते."

आणि ती लिहिणारच होती. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून तिनं अर्धी ओळ लिहिलीही, पण क्लबाच्या जाहिराती पाहणारा झोम्बोर दारात उभा राहिला. झोम्बोर वाईट माणूस नव्हता. आईला दर रविवारी जेवायला घेऊन जायचा, कुणाचाही वाढदिवस विसरत नसे. "लिही ना, कोण नको म्हणतंय?" तो म्हणाला. "फक्त गुरुवारपर्यंत थांब. गुरुवारी ती पाण्याच्या बाटल्यांची कंपनी येतेय भेटायला. अगं, लोक भांडतायत तोवर बघतायत. भांडण मिटवलंस की शनिवारी तुला कुत्रं विचारणार नाही. चार दिवसांनी काय आकाश कोसळतंय? विल्लो म्हणजे दगड आहे दगड, तिला काय होतंय!" एमोकेनं ती अर्धी ओळ तशीच ठेवली. पुढे तिनं स्वतःला हजारदा सांगितलं, झोम्बोरनं थांबवलं. पण झोम्बोर निघून गेल्यावर ती बाकावर आणखी पाऊण तास बसली होती, आणि त्या पाऊण तासात तिनं अनोळखी माणसांनी लिहिलेली वाक्यं एकामागून एक वाचली होती, खडीसाखर चघळावी तशी. तू किती सुंदर आहेस. तुझ्याकडे पाहून जगावंसं वाटतं. शाल्गोतार्यानच्या काच कारखान्यात उभी हयात भट्टीसमोर घालवलेल्या तिच्या आईनं तिला कधी सुंदर म्हटलं नव्हतं. आई म्हणायची, "तू दणकट आहेस, ते पुरे." एकोणतिसाव्या वर्षी चाळीस लाख माणसं तिला सुंदर म्हणत होती, आणि ती भूक तिला स्वतःलाच नवी होती. एवढी मोठी भूक आपल्या पोटात कुठे बसली होती, असं तिला वाटलं.

आणि दुसरी गोष्ट होती. ती तिनं झोम्बोरलाही सांगितली नाही. तिचा डावा हात मोकळा होता. चित्रफितीत तो दिसत नव्हता, विल्लोच्या पाठीआड होता. गळा आवळला गेला की हातानं दोन थापा द्यायच्या, समोरचा लगेच सोडतो, हे सहा वर्षांच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. एमोकेला थापा देता आल्या असत्या. दोन सेकंद, तीन सेकंद तिचा तळवा विल्लोच्या बरगडीवर नुसता टेकलेला होता, आणि तिनं ठरवलं होतं, नाही द्यायची. का, ते तिला सांगता आलं नसतं. दोन वर्षांचं हरणं, गुडघा, पुढे काय करायचं हा प्रश्न, या सगळ्याचा मिळून एक आडमुठेपणा. जाऊ दे, असं काहीतरी. तर एक ओळ लिहायची असेल तर खरी ओळ ही होती : मी थाप दिली नाही, तिला कळणार कसं? पण ही ओळ लिहिली की ते हसू झाकोळलं असतं. लोकांनी विचारलं असतं, मग का नाही दिलीस?

गुरुवारी कंपनीचे लोक आले, गोड बोलले. त्याच दुपारी कुणीतरी बायाला, विल्लोच्या आईच्या मासळीच्या दुकानात फोन करून काहीतरी बोललं. काय बोललं ते विल्लोनं कधी सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी तिचं कपाट रिकामं होतं. आत फक्त एक सुटा मोजा, आणि तोही एमोकेचा. एमोकेनं लगेच लिहिलं, घाईघाईनं, बोटं चुकत : विल्लोची काही चूक नव्हती, सगळं नियमात होतं. पण हाताबद्दल लिहिलं नाही. आणि लोकांनी ते वाचलं आणि ते आणखी विरघळले. बघा, जिनं तिला मरायला टाकलं तिलाही ती क्षमा करते आहे. काय काळीज आहे! त्या ओळीनं विल्लोच्या दारात उरलासुरला कचराही नेऊन ओतला. ओत्तोकाका, दोघींचे प्रशिक्षक, सत्तरीला टेकलेले, ते दुपारी तिच्याशेजारी येऊन बसले. ते फोन वापरत नसत. "ती परत येणार नाही म्हणते," ते म्हणाले. "एप्रिलात युरोपला तूच जायचंस आता. दुसऱ्या नंबरची तू." मग आपल्या हातांकडे बघून, "चांगला गळा आवळायची गं ती. मीच शिकवलं होतं."

हिवाळा असाच गेला. पाण्याच्या बाटलीवर तिचा चेहरा आला, डोळे नुकते उघडलेला. चित्रीकरणाच्या दिवशी तिला गादीवर निजवून पंचेचाळीस वेळा उठवलं, आणि शेवटी दिग्दर्शक पोरगी वैतागून म्हणाली, "ताई, तुम्ही विचार करताय. विचार नका करू ना." अखेर त्यांनी मूळच्या फितीतलंच हसू उचलून चिकटवलं. घरी परतताना तिला त्या हसण्याचा माग काढायची सवय लागली. म्हणजे काय होतं त्या अकरा सेकंदांत, ते शोधायची. काहीतरी असणारच. रिकाम्या जागेतून कुणी असं हसत नाही. ट्रॉलीबसच्या काचेला डोकं टेकून ती मागे मागे जायची. वेलेंत्से तळ्याकाठी वडील तिला खांद्यावर टाकून नेत होते, ती पाच वर्षांची, झोपेचं सोंग घेतलेली. त्यांच्या शर्टाला उन्हाचा आणि उकडलेल्या मक्याचा वास. ते होतं का? पण त्याच संध्याकाळी वडील आणि आई तंबूमागे दबक्या आवाजात भांडले होते, आणि पुढच्या हिवाळ्यात वडील ऑस्ट्रियात गेले ते गेलेच. मग भट्टीच्या सुट्टीच्या दिवशी आई तिच्या केसांतून नुसती बोटं फिरवत असे, ते? की वसतिगृहातली ती दुपार, बर्फामुळे सराव रद्द झाला होता, आणि विल्लो वरच्या खाटेवरून पाय लोंबकळत सोडून संत्रं सोलत होती आणि एकेक फोड न बघता खाली सोडत होती, आणि खाली एमोके ती तोंडात झेलत होती? प्रत्येक आठवण ती त्या चेहऱ्यावर ठेवून बघायची, टोपी डोक्यावर बसते का बघावी तशी. एकही बसत नसे. आईला तिनं फोनवर विचारलं, "मी लहानपणी अशी हसायचे का गं?" पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग आई म्हणाली, "मला कारखान्यात सकाळची पाळी असायची ना बाई. तुला उठवायची शेजारीण."

जानेवारीच्या शेवटी ती बायाला गेली. तीन तासांची बस, बाहेर सपाट पांढरी शेतं, मधूनच कावळे वाळत घातल्यासारखं एखादं झाड. मासळीचं दुकान नदीच्या फाट्याजवळ होतं. विल्लो रबरी एप्रन लावून कार्प साफ करत होती. तिनं वर पाहिलं, सुरी थांबवली नाही. "दार लाव, गारठा येतोय." एवढंच बोलली. मग दुकान आवरून तिनं एमोकेला आत नेलं, आणि आईनं केलेलं मासळीचं लालभडक कालवण शेवयांवर ओतून समोर ठेवलं. जेवताना दोघी कालवणाबद्दल बोलल्या. बुडापेस्टचे लोक त्यात शेवया घालत नाहीत, मूर्ख आहेत, असं विल्लोची आई म्हणाली. एमोकेकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, पण ताट रिकामं होऊ दिलं नाही. आई भांडी घेऊन आत गेल्यावर एमोके म्हणाली, "विल्लो, तुला एक सांगायचंय. माझा हात मोकळा होता. डावा. मी मुद्दामच थाप दिली नाही."

विल्लो दाताशी अडकलेला काटा काढत होती. तो तिनं ताटाच्या कडेला ठेवला.

"हे सांगायला आलीस?"

"हो."

"मला काय सांगतेस? तो हात माझ्या बरगडीवर होता, एमे. मला जाणवत होता ना तो. मी वाट बघत होते थापेची. म्हटलं, देईल, आता देईल. तू उशीर करतेस हे मला चौदा वर्षांपासून माहीत आहे. मग पंच ओरडला." ती शांतपणे बोलत होती, एखाद्या गिऱ्हाइकाला माशाचा भाव सांगावा तशी. "मला वाटलं, तू लिहिशील. सोमवारी वाटलं. मंगळवारी वाटलं. मी सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? तुझ्याकडेच होतं ते."

"मी आता लिहू? आज लिहिते. इथूनच."

"आता कशाला? आता लिहिलंस तर पुन्हा येतील इथे. आईला आत्ता कुठे झोप लागायला लागलीय." मग उठून एप्रन बांधत, "तुझी बस साडेतीनची असेल ना. चल, थांब्यापर्यंत येते."

थांब्यावर दोन शाळकरी मुलींनी एमोकेला ओळखलं. त्यांना तिच्याबरोबर फोटो हवा होता. त्यांनी फोन विल्लोच्या हातात दिला. शेजारी उभी आहे ती कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. विल्लोच्या बोटांना खवलं चिकटलेली होती, ती तिनं पँटला पुसली, फोन धरला आणि म्हणाली, "जवळ या जरा. हं. आता हसा." बस वळेपर्यंत ती तिथेच उभी होती, हात बगलेत खुपसून, रस्त्याच्या भलत्याच बाजूला बघत.

युरोपची स्पर्धा एप्रिलात होती. पहिल्याच फेरीत एमोकेसमोर स्लोव्हेनियाची एकोणीस वर्षांची मुलगी आली, गालांवर पुटकुळ्या, नखं कुरतडलेली. प्रेक्षागृहात एमोकेचं नाव पुकारलं तेव्हा आवाजाची एक लाट उठली. बाटलीवरची बाई बघायला लोक आले होते. दोन मिनिटं तिनं बरं खेळून काढलं. मग गुडघ्यानं दगा दिला, ती खाली गेली, आणि त्या पोरीनं तिची कॉलर पकडली. पकड कच्ची होती. सुटता आलं असतं. ओत्तोकाका ओरडत होते, "हनुवटी खाली! हनुवटी घाल!" एमोकेनं हनुवटी वर केली. हे तिनं बायाहून परतताना बसमध्येच ठरवलं होतं की आत्ता ठरवलं, ते तिला कळलं नाही. तिला फक्त तिथे जायचं होतं, त्या अकरा सेकंदांत. एकदा डोळे उघडे ठेवून बघायचं होतं की तिथे कोण आहे. वडील, आई, संत्र्याची फोड, कुणीही चाललं असतं. कानात समुद्र भरला. हाताला ती थांब म्हणाली आणि हात थांबला.

तिथे काही नव्हतं. अंधारही नव्हता. अंधार असतो तेव्हा निदान तो बघणारं कुणीतरी असतं. कापडाचे दोन तुकडे मधला भाग काढून शिवावेत तसं, कॉलरच्या दुखण्याला छताचा दिवा थेट जोडलेला होता. मध्ये धागासुद्धा नाही. तिच्या तोंडात गंजाची चव होती, आणि अंगरख्याखाली मांडीला ओल लागत होती. पडल्या पडल्याच तिला समजलं, की नोव्हेंबरातल्या त्या शनिवारीही असंच होतं. कुणी नव्हतं तिथे. चाळीस लाख माणसं एका रिकाम्या खोलीच्या खिडकीकडे बघून रडली होती.

मग तिची मान वळली आणि तिला प्रेक्षक दिसले. सगळ्यांनी फोन वर धरले होते, रांगांमागून रांगा. ते वाट बघत होते. आणि एमोके, पूर्ण शुद्धीवर, ओल आणि गंज आणि गुडघा सगळं कळत असताना, हसली. ओठ हळूच सैल सोडले, डोळे दिव्यावर ठेवले, मनात आकडे मोजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी हुंदका दिला, तिनं तो स्पष्ट ऐकला.

डॉक्टरांनी तिला उभं केलं. समोर ती पोरगी पांढरीफटक पडून उभी होती. तिनंही ती बाटली पाहिलेली असणार, विल्लोचं काय झालं तेही वाचलेलं असणार. ती मोडक्या इंग्रजीत पुटपुटत होती, "थाप नाही ना दिलीत तुम्ही? मला जाणवली नाही थाप. दिली होती का? सांगा ना." पंच दोघींना आपापल्या जागी जायला खुणावत होते. एमोकेच्या जिभेवर तीन शब्द होते, ‘मी दिली नाही’, तेवढं इंग्रजी तिला येत होतं. पण बोलायचं तर हसू मोडावं लागलं असतं, आणि फोन अजून वरच होते. तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवून थोपटलं. त्यावर आणखी टाळ्या पडल्या. पोरीचे डोळे भरून आले, आणि ते कृतज्ञतेनं नव्हे.

मग दोघींनी रिवाजाप्रमाणे एकमेकींना वाकून नमस्कार केला. एमोके खूप खाली वाकली, कमरेतून, जितकं वाकता येईल तितकं, आणि तशीच राहिली. खाली मान घातलेली असताना तिचा चेहरा कुठल्याच फोनला दिसत नव्हता. तिनं तो सोडून दिला. गाल खाली आले, जबडा लोंबला, नाकातून पाणी चटईवर टपकलं. पंच एकदा खाकरले. चटईच्या कडेवरून ओत्तोकाका हळू आवाजात म्हणाले, "एमोके. ऊठ, बाळा. झालं आता." ती उठली नाही. आणखी थोडा वेळ, आणखी दोन श्वास, तिनं स्वतःला बजावलं, आणि सरळ होण्याआधी बाहीनं तोंड पुसून ओठांचे कोपरे चाचपून वर केले.